चालू आहे, पण चालणार नाही

लॅमिंग्टन रोडच्या मुख्य रस्त्यावरून आत वळले की जुन्या इमारतींच्या जिन्याखाली एकेका टेबलाएवढी दुरुस्तीची दुकाने लागतात. त्यांपैकी एका दुकानात मी माझे जुने ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी, घेऊन गेले होते. आम्ही सगळेच त्याला ‘साउंड कार्ड’ म्हणतो, म्हणून इथेही कार्डच म्हणते. काकांनी झाकणाचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले आणि वीजपुरवठ्याच्या भागातला एक कपॅसिटर बोटाने दाखवला. त्याचे डोके फुगून वर आले होते. तो काढून त्यांनी तिथे नवा डकवला. शिशाचा आणि राळेचा तो गरम वास पंख्याच्या वाऱ्यावर क्षणभर रेंगाळला आणि कार्डावरचा निळा दिवा लागला. त्यांनी फँटम पॉवरचे, म्हणजे कार्डातून माइकला वीज पुरवण्याचे, बटण दाबले, माइकच्या जोडावर मल्टिमीटरची टोके टेकवली. काट्याने अठ्ठेचाळीस व्होल्टच्या खुणेशी येऊन मान टाकली. माझा जीव भांड्यात पडला. मग मी सहज विचारले की घरी नवा लॅपटॉप घेतला आहे, त्यावर हे लावता येईल ना? काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्डाची मागची बाजू उजेडात धरून, कॉम्प्युटरला जोडण्याचा फायरवायर नावाचा तो जुन्या धर्तीचा सहा टाचण्यांचा सॉकेट पाहिला आणि म्हणाले, “ताई, चालू आहे, पण चालणार नाही.”

ग्रँट रोड स्टेशनपर्यंत येताना आणि त्यानंतरही कितीतरी दिवस ते वाक्य माझा पिच्छा सोडत नव्हते. आपल्याकडे वस्तू एक तर बिघडते, नाही तर दुरुस्त होते. मिक्सरचे भांडे, इस्त्रीची वायर, हार्मोनियमचा भाता, काहीही असो. कारागिराने हात लावला आणि यंत्र सुरू झाले की प्रश्न मिटतो. इथे यंत्र सुरू झाले होते. माइकमधून येणारा आवाज ते घेत होते, त्याचे आकड्यांत रूपांतर करत होते, ते आकडे मागच्या सॉकेटपर्यंत आणून उभे करत होते. त्यापुढे ते घ्यायला कोणी नव्हते. यात दोष नेमका कुठे धरायचा, हे मला कळेना, आणि न कळल्यामुळे चैन पडेना.

हे कार्ड घरात आले त्या आधीचे दिवस मला चांगले आठवतात. दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. सुरुवातीला कॅसेटवर वाचायचे; साठ मिनिटांची कॅसेट, तिसाव्या मिनिटाला बाजू बदलायची, त्यामुळे प्रकरण कुठे तोडायचे हे लेखकाऐवजी फीत ठरवायची. मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागच्या गुलाबी भोकात माइक खुपसून वाचू लागले. त्या ध्वनिमुद्रणात शब्दांच्या मागे सतत एक सळसळ असे, आणि मध्येच हार्ड डिस्क फिरू लागली की तिची घरघरही पानावर उतरत असे. कार्ड आणले त्या रात्री मी एकच उतारा वाचला आणि हेडफोन लावून ऐकला. पान उलटल्याचा आवाज पान उलटल्यासारखा आला. वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, खिडकीच्या गजांवर कबुतराने बदललेली कूस ऐकू आली, आणि या सगळ्यांच्या मधे जी शांतता होती ती खरोखर शांत होती. सोळा बिटांच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजांतले अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. चोवीस बिटांत हिशोबाने ते १४४ पर्यंत जाते, जरी प्रत्यक्षात कोणत्याही कार्डाची विद्युत-मंडले तिथवर पोहोचत नसली तरी. माझ्यासारख्या वाचणारीला याचा उपयोग असा की आवाजाची पातळी भीतभीत वर ठेवावी लागत नाही. हळू वाचले तरी सळसळीत बुडत नाही, आणि एखाद्या संवादात आवाज चढला तरी लाल दिवा लागून शब्द फाटत नाही.

त्या कार्डाची पुढची पट्टी आज डोळे मिटूनही मला दिसते. डावीकडे माइकची दोन तोंडे आहेत, त्यांच्याशेजारी गेनची, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करण्याची, दोन बटणे. पहिल्या बटणाभोवतीचे छापील आकडे माझ्या अंगठ्याने पुसले गेले आहेत, दुसऱ्याचे अजून कोरे करकरीत आहेत, कारण एकटीने वाचायला एकच माइक लागतो. फँटम पॉवर चालू केली की आत कुठेतरी रिले ‘टक्’ करतो. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, समुद्र इतक्या जवळ असताना, धातूची कोणतीही वस्तू फार काळ निरोगी राहत नाही. पावसाळ्यात जॅकवर हिरवट थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावा लागतो, आणि कार्डाच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या लागतात. ही सगळी निगा मी हौसेने केली. त्यामुळे काकांचे वाक्य अधिक लागले असावे.

कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक लहानसा प्रोग्राम असतो, आणि सगळी गोम तिथे आहे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आसिओ ही पद्धत आणली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेचे वळसे टाळून कार्डाशी जवळजवळ थेट व्यवहार करता येऊ लागला. मॅकवर हे काम कोअर ऑडिओ करते. आश्चर्य याचे वाटते की आसिओ आजही टिकून आहे. यंदा बाजारात आलेले सॉफ्टवेअर उघडले तरी पसंतीच्या यादीत तेच नाव असते. म्हणजे सॉफ्टवेअरने जुन्या कार्डांशी वैर धरलेले नाही. सुटले आहेत ते मधले दुवे. माझ्या कार्डाच्या वेळी बहुतेक ड्रायव्हर ३२ बिटांचे, म्हणजे जुन्या पिढीच्या विंडोजसाठी लिहिलेले होते. ६४ बिटांचे विंडोज तसले ड्रायव्हर आत घेतच नाही. ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळाला तरी त्यावर मान्यताप्राप्त डिजिटल सही लागते. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण चालू असेल, तर सही असलेला जुना ड्रायव्हरही अडवला जाऊ शकतो. मॅकवाल्यांची वाट आणखी अरुंद झाली. मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीने ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम बंद केले. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर जुन्या धर्तीचा ड्रायव्हर बसवायचा तर आधी यंत्राची सुरक्षा एक पायरी खाली आणावी लागते. आणि २०२५ च्या टाहो या आवृत्तीतून तर फायरवायरच काढून टाकले आहे.

फायरवायर हे नाव त्या काळी किती भारदस्त वाटायचे! १९९५ साली आयईईई १३९४ या क्रमांकाने ते प्रमाण ठरले. पहिल्या पिढीचे यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिट वाहून नेत असताना फायरवायर ४०० मेगाबिट नेत असे, आणि तेही ठरलेल्या वेळी, न अडखळता. म्हणून तर अनेक माइक एकाच वेळी घेणाऱ्यांनी ते डोळे झाकून उचलले. टाहोच्या आधीची आवृत्ती असलेल्या मॅकना अजूनही कार्ड जोडता येते, पण त्यासाठी थंडरबोल्ट ३ मधून थंडरबोल्ट २, त्यातून फायरवायर ८००, आणि त्यातून ४०० अशी अ‍ॅडॉप्टरांची साखळी टेबलावर पसरावी लागते. जोडताना हलका धक्का लागला तरी आवाज गेला समजावे. याउलट, ज्यांनी त्या काळात साधे यूएसबी कार्ड घेतले, तेही यूएसबी ऑडिओ क्लासच्या सर्वमान्य नियमांवर चालणारे, त्यांचे भले झाले. १९९८ मध्ये ठरलेल्या त्या नियमांसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे तो अंगभूतच असतो. वाहिन्या मोजक्या मिळतात, सॅम्पल रेटलाही, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा त्यालाही, मर्यादा येते, पण असले कार्ड आजही खुंटीवरून काढावे आणि लावावे. तेव्हा दुकानात ते दुय्यम समजले जायचे.

माझी आत्या मांडव्याच्या पलीकडच्या एका गावात राहते आणि तिला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. किती पाठ आहेत हे तिलाही सांगता येत नाही, कारण एक म्हटली की तिच्या शेपटाला धरून दुसरी येते. ती मुंबईला आली की मी तिला गायला बसवते. प्रथम तिच्या कानांना हेडफोन लावला तेव्हा दोन ओळी म्हणून ती थांबली आणि म्हणाली, “अगं, माझ्यामागून कोण म्हणतंय?” तिच्यामागून तीच म्हणत होती. आवाजाच्या एकेका क्षणाच्या मापाला नमुना म्हणतात. कॉम्प्युटर आवाज एकेक नमुना करून घेत नाही. तो नमुन्यांचा गठ्ठा जमवतो, मग पुढे सरकवतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना बफर ५१२ चा ठेवला, तर एक गठ्ठा भरायला साडेअकरा मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. आवाज आत जाताना एक गठ्ठा आणि बाहेर येताना एक, असे मिळून तेवीस मिलिसेकंद कुठे गेले नाहीत. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे आत्याला स्वतःचाच आवाज जवळपास आठ मीटरांवरून, आमच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडून यावा तसा ऐकू येत होता. जन्मभर जात्याच्या घरघरीबरोबर लय धरलेली बाई, तिला ते खपणे शक्यच नव्हते.

बफर ६४ वर आणला की हेच अंतर एका मीटरवर येते आणि गाणाऱ्याला ते खटकत नाही. पण मग कॉम्प्युटरला प्रत्येक गठ्ठा फार लवकर उचलावा लागतो, आणि त्याला उसंत मिळाली नाही की आवाजात चरचर येते, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. चांगला ड्रायव्हर म्हणजे लहान बफरवरही चरचर न होऊ देणारा ड्रायव्हर. कार्डाची खरी किंमत निम्मी तरी त्यात असते. जुने कार्ड नव्या यंत्रावर कसेबसे दिसू लागले, तरी अनेकदा नेमके हेच हरवते. आसिओ फॉर ऑल हा मोफत ड्रायव्हर घाला, असा सल्ला प्रत्येकजण देतो, आणि तो उपयोगीही आहे. मात्र तो विंडोजच्या मूळ ड्रायव्हरवर पांघरूण घालतो, आणि पांघरायला खाली काहीतरी असावे लागते. विंडोजलाच जे कार्ड दिसत नाही ते आसिओ फॉर ऑलला कुठून दिसणार?

आत्याचा प्रश्न शेवटी कार्डानेच सोडवला. त्यावर थेट ऐकण्याचे एक बटण आहे. ते एका बाजूला फिरवले की माइकचा आवाज कॉम्प्युटरकडे न जाता तिथूनच हेडफोनमध्ये वळतो. तिने पुन्हा म्हणून पाहिले, मान हलवली आणि मग तासभर थांबली नाही. खाली कुणीतरी मोटरसायकल सुरू केली, शेजारच्यांच्या कुकरने शिटी दिली. तेही सारे त्या ध्वनिमुद्रणात आहे आणि मी ते काढलेले नाही.

दुरुस्त झालेले कार्ड घरी आणल्यावर चाळीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा संध्याकाळी डोकावला. त्याने एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घातली, फायरवायर जोडले, आणि काही मिनिटांत यादीत माझ्या कार्डाचे नाव झळकले. मी ते दोनदा वाचले. ज्या कंपनीने ते बनवले तिने त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहिणे केव्हाच सोडले होते. आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या, त्या कंपनीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनी, सॉकेटमधून काय जाते-येते ते तपासून तपासून त्याचा ड्रायव्हर लिहून ठेवला होता. एफएफएडीओ नावाचा असा एक स्वयंसेवी प्रकल्प आहे, आणि लिनक्सच्या गाभ्यातही फायरवायर कार्डांसाठी तसेच काम झाले आहे. माझ्या कार्डाची सगळी बटणे तिथून हलत नाहीत, आतल्या मिक्सरचा काही भाग मुकाच राहतो. पण आवाज येतो, स्वच्छ येतो.

रोजच्या वाचनाला मात्र मला नवा लॅपटॉपच हवा होता, आणि त्यासाठी जो मार्ग सापडला तो फार साधा निघाला. कार्डाच्या मागे एसपीडिफचे, म्हणजे आवाज आकड्यांच्याच रूपात बाहेर सोडणारे, एक गोल तोंड आहे. कॉम्प्युटर जोडलेला नसला तरी कार्ड आपली शेवटची मांडणी लक्षात ठेवते, माइकचा आवाज घेते, त्याचे आकडे करते आणि या तोंडातून बाहेर सोडते. तेच तोंड असलेले एक नवे यूएसबी कार्ड मी घेतले. मधली केबल विकत घ्यावी लागली नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळी व्हिडिओची केबल ७५ ओहमचीच असते, ती चपखल बसली. आवाज आला, आणि त्यात दर काही सेकंदांनी एक बारीक ‘टिक्’ येऊ लागली. दोन्ही कार्डांत आपापले घड्याळ असते, दोघेही सेकंदाला ४४,१०० नमुने मोजतात, पण दोन स्फटिक कधीच तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. एक जरा पुढे गेले की कुठेतरी एखादा नमुना गळतो किंवा दुप्पट होतो, तीच ती टिक्. नव्या कार्डाच्या मांडणीत जाऊन घड्याळ बाहेरून घ्यायला सांगितले, म्हणजे जुने कार्ड मोजेल तसे नव्याने मोजायचे. टिक् थांबली. ज्यांच्या जुन्या कार्डाला अ‍ॅडॅटचे प्रकाशीय तोंड आहे ते तर याहून भाग्यवान. त्या एका बारीक तारेतून ४८,००० च्या गतीने आठ माइक एकदम नेता येतात, आणि मोठ्या बैठकीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला माइकचा क्षीण आवाज वाढवणारे आठ प्रीअँप फुकटात मिळाल्यासारखे होतात.

मी दोन्ही कार्डांवर एकच उतारा वाचून, रात्री लोकल थांबल्यावर, पंखा बंद करून ऐकला. नवे कार्ड अधिक शांत आहे. त्याची किंमत माझ्या जुन्या कार्डाच्या तुलनेत फार कमी आहे, तरी त्याच्या प्रीअँपची सळसळ कमी आहे, हे मान्य करायलाच हवे. जुन्या यंत्रांत काही दैवी ऊब असते असे जे बोलले जाते, ते माझ्या कानांना तरी जाणवले नाही. तेव्हा माझा आग्रह जुन्याचा गोडवा गाण्यासाठी नाही. जे कार्ड पुस्तक वाचायला, ओव्या टिपायला, एखाद्या विद्यार्थ्याचा तबला त्याच्या गुरूंना पाठवायला पुरेसे आणि पुरून उरणारे आहे, ते केवळ मधला एक प्रोग्राम कोणी लिहीत नाही म्हणून भंगारात जावे, हे मला पटत नाही. या शहरात किती घरांच्या माळ्यावर असली निरोगी कार्डे पडून असतील! पावसाळ्यात एखादा माळा आवरला जातो, आणि ती मॉनिटरच्या वायरींबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात जातात.

ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांची बाजू मला समजते. ड्रायव्हर यंत्राच्या गाभ्यात शिरून काम करतो. तो चुकला तर सगळा कॉम्प्युटर कोसळतो, आणि असल्याच जुन्या ड्रायव्हरच्या फटीतून बाहेरचे घातक प्रोग्राम आत घुसतात. दार घट्ट करणे योग्यच होते. कंपनीने कायम ड्रायव्हर लिहीत राहावे, अशीही सक्ती करता येणार नाही. तिचे अभियंते नव्या कार्डांत गुंतलेले असतात. तरी जर्मनीतल्या आरएमईने २००४ च्या आपल्या फायरफेस ८०० साठी कितीतरी वर्षे नवे ड्रायव्हर देत राहून दाखवले की हे अशक्य कोटीतले नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान एक करावे: ड्रायव्हर लिहिणे थांबवताना कार्ड कोणत्या भाषेत बोलते त्याचा कागद खुला करावा. कुठल्या आज्ञेने गेन वाढतो, कुठल्या आज्ञेने घड्याळ बदलते, आवाज कोणत्या क्रमाने बाहेर येतो, एवढेच. यात कोणाचे व्यापारी गुपित उघडे पडणार आहे असे मला वाटत नाही, कारण ते कार्ड त्यांनी विकणेच थांबवलेले असते. लिनक्सच्या लोकांनी जे तपासून तपासून शोधले ते त्यांना एका संध्याकाळी वाचून कळले असते, आणि माझ्या कार्डाचा मुका राहिलेला मिक्सरही बोलला असता.

आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने असे त्याचे चार विभाग आहेत. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळावी, दुरुस्ती कुठे होईल ते कळावे, हा त्यामागचा हेतू फार चांगला आहे. पण लॅमिंग्टन रोडच्या काकांकडे सुटा भाग होता, हात होता, मीटर होता. अशा वस्तूंच्या बाबतीत माहितीपुस्तिकेत ड्रायव्हरचा आणि त्या भाषेचाही समावेश झाल्याशिवाय काकांचे काम अर्धेच राहणार. कपॅसिटर बदलण्याइतकाच तोही दुरुस्तीचा भाग आहे.

या काळात एक गोष्ट मात्र माझ्या नीट ध्यानात आली, आणि त्याप्रमाणे मी जुनी ध्वनिमुद्रणे लावायला घेतली आहेत. कार्डे बदलली, सॉफ्टवेअर बदलले, पण वेव्ह फाइल १९९१ पासून जशीच्या तशी उघडते. पहिल्या रात्री वाचलेला तो उतारा कुठल्याही यंत्रावर ऐकता येतो. त्याच सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल मात्र आज उघडली की अर्ध्या जागी प्लग-इन, म्हणजे आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्राम, सापडत नसल्याचा निरोप येतो. म्हणून आता प्रत्येक पुस्तक संपले की त्याचे ट्रॅक सुटे करून वेव्हमध्ये काढते, पहिल्या सेकंदापासून सारख्या लांबीचे, म्हणजे उद्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवले तरी ते जुळतील. आत्याच्या ओव्यांचेही तसेच केले आहे; प्रत्येक फाइलच्या नावात पहिल्या ओळीचे दोन शब्द आहेत.

पावसाळ्यात गेटवे ते मांडवा या लाँचा बंद होतात, त्यामुळे आत्याला मे महिन्यातच बोलावले आहे. तिच्यासाठी जुनेच कार्ड लावणार आहे, पिवळ्या केबलसकट, कारण थेट ऐकण्याचे ते बटण कुठे थांबवायचे हे तिचे तिला आता ठाऊक आहे. या वेळी तिच्या धाकट्या जाऊबाईही येणार आहेत आणि दोघी आलटूनपालटून म्हणणार आहेत. त्यामुळे गेनच्या दुसऱ्या बटणालाही काम मिळेल.